एक बाजू उघडी

नळ पडला. म्हणजे आधी पार्सल पडलं, त्याच्याच कोपराचा धक्का लागून, काउंटरवरून थेट रांगेच्या बाजूला. सुतळी तुटली, तीन जाडजूड पुस्तकं फरशीवर आपटली, त्यातलं मधलं उताणं पडून उघडलं आणि त्याच्या पोटातून एक पितळी नळ बाहेर आला. जुना, वजनदार, घासूनपुसून लख्ख केलेला. तो घरंगळत गेला आणि रांगेत तिसऱ्या उभ्या असलेल्या बाईंच्या चपलेला जाऊन टेकला. बाईंनी तो उचलला, उलटासुलटा करून बघितला, काउंटरवर आणून ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, तुमचा नळ पडला." रांगेत कोणीतरी फस्सकन हसलं. मागून एक म्हातारा म्हणाला, "चला, पुस्तकांना पाणी आलं एकदाचं!" मग सगळीच रांग हसली. तोही हसला असावा, कारण नंतर त्याचे गाल दुखत होते. पण हसताना त्याला स्वतःचा आवाज काही ऐकू आला नाही. कानात नुसती फरशीवर पितळ वाजल्याची ठण्ण, आणि ती थांबायलाच तयार नव्हती.

पोस्टात त्याला सगळे काटा म्हणायचे. पार्सलच्या काउंटरवर अकरा वर्षं बसून बसून त्याच्या हाताला असं वळण लागलं होतं की पार्सल नुसतं उचललं की तो वजन सांगायचा, आणि मग वजनकाट्यावर ठेवलं की दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे. नवा माणूस बदलून आला की त्याला हा खेळ दाखवायचे. शेजारच्या काउंटरवरच्या बचतवाल्या बाई तर यावर पैजा लावायच्या, चहाच्या. तो कधी हरला नव्हता. आणि नुसतं वजन नाही. कपडे असले की पार्सल हातात बसतं, काच असली की ते अंग चोरतं, पुस्तकं असली की ते चौरस, गप्प, शहाण्या पाहुण्यासारखं असतं, हे तो रंगात आला की सांगायचा. मग हे काय झालं? दर मंगळवारी, दर शुक्रवारी, दोन वर्षं, चार-चार सहा-सहा पार्सलं या हातांनी उचलली. त्यांना काय झालं होतं? हातांना लकवा झाला होता का?

तो काउंटरच्या बाहेर आला आणि उकिडवा बसून पुस्तकं गोळा करायला लागला. उघडं पडलेलं पुस्तक कुठल्यातरी कायद्याचं होतं, आठशे पानांचं, आणि त्याचं पोट कापलेलं होतं. पहिली चाळीस-पन्नास पानं तशीच ठेवलेली, मग चारी बाजूंनी अर्धा इंच कडा सोडून मधलं सगळं चौकोनी कापून काढलेलं, एखाद्या पेटीसारखं. आत जुनं फडकं, नळाला खडखड करता येऊ नये म्हणून. त्याने कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. कुठे एक दशी नाही. कोपऱ्यांत सुरी शेवटी उलटी वळवून घेतलेली, म्हणजे खालचं पान फाटत नाही. आणि कडा एकमेकींना चिकटाव्यात म्हणून आतून खळ लावलेली, वाळलेली, किंचित निळसर. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातलं की येते ती झाक. आता मोरचूद घालून खळ शिजवत कोण बसतंय? बाजारात डबा मिळतो गोंदाचा. पार्सलावर नाव कोणाचं आहे ते त्याला वाचायची गरज नव्हती, सकाळी दार उघडल्या उघडल्या दादाच ठेवून गेला होता, 'गुडघा दुखतोय रे, रांगेत नाही उभा राहत, सवडीने शिक्के मार' म्हणून. पण एवढा वेळ त्याचं मन पळवाटा शोधत होतं. दादालाच कोणीतरी फसवलं असेल. रद्दीत अशीच आली असतील पुस्तकं. त्या निळसर झाकेने सगळ्या वाटा बंद केल्या. हे कापणारा हात त्याला पाठ होता. त्या हाताने त्याला अक्षरं शिकवली होती.

वडील गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि दादा एकोणीसचा. दादाने कॉलेज सोडलं आणि वडिलांचं पुस्तकबांधणीचं दुकान चालवायला घेतलं. दुकान कसलं, दोन खोल्यांचं घर आणि त्यातली रस्त्याकडची खोली. तिथे दाबयंत्राच्या खालच्या फळीवर बसून तो लहानाचा मोठा झाला. दादा शिवत असायचा, टोच्याने भोकं पाडत, मेणाचा दोरा ओढत, आणि तो कापलेल्या कागदांच्या कातरणांवर अक्षरं काढायचा. एकदा त्याने कोणाच्यातरी बांधायला आलेल्या पुस्तकाचं पान खूण म्हणून दुमडलं. दादाने काही न बोलता त्याचा कान धरला आणि पानासारखाच दुमडला. "पुस्तकाला कान नसतात. तुला आहेत. तुझे दुमड." त्यानंतर त्याने आयुष्यात पान दुमडलं नाही. मुलीच्या शाळेच्या पुस्तकातसुद्धा दुमडलेलं पान दिसलं की तो ते सरळ करून वर वाटी ठेवतो, बायको हसते. आणि त्या माणसाने सुरी घेऊन आठशे पानांचं पोट फाडलं. एकाचं नाही. दोन वर्षांत किती? तो मनात आकडा मांडायला गेला आणि मध्येच सोडून दिला. पार्सलात नळ सापडला याचा धक्का केव्हाच मागे पडला होता. आता जे येत होतं ते वेगळंच होतं, आपल्या घराचं दार उघडावं आणि आत भिंतच असावी, तसलं काहीतरी.

"काय झालं रे?" साहेब केबिनमधून बाहेर आले. साहेब नवे, दोन महिन्यांपूर्वी बदलून आलेले. त्यांनी नळ बघितला, पुस्तक बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. गेल्याच आठवड्यात वरून पत्रक आलं होतं. ऑनलाइन माल विकणारे लोक बुक पोस्टाच्या सवलतीत भलतंच पाठवतायत, प्रत्येक काउंटरने तपासणी करावी, सापडल्यास फॉर्म भरून त्याच दिवशी पाठवावा. साहेबांनी ते उभं राहून वाचून दाखवलं होतं, आणि बचतवाल्या बाईंनी मध्येच सांगितलं होतं की त्यांच्या नणंदेच्या गावी म्हणे पुस्तक म्हणून इस्त्री गेली, वायरीसकट. सगळे हसले होते. तो सगळ्यात जास्त हसला होता. बुक पोस्टाचा नियम साधा, आत पुस्तकंच हवीत, म्हणून दर निम्म्याहून कमी. आणि आतलं दिसावं म्हणून पार्सलाची एक बाजू उघडी ठेवायची. दादाच्या पार्सलांची बाजू कायम उघडी असायची. तीन पुस्तकांच्या तीन पाठी, नीट ओळीत, नियमाला धरून.

"वा काट्या, वा!" साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आपल्या विभागातली पहिली केस! अरे, मी रिपोर्टात नाव घालतो तुझं. बाकीची पण फोड त्याची." बाकीची पाच साहेबांच्या समोर फोडली. नळ, बिजागऱ्या, दाराच्या मुठी, एक मोठं कुलूप किल्लीसकट. साहेब एकेक वस्तू उचलून खूश होत होते, लग्नात आहेर बघावेत तसे. "काय डोकं आहे बघ लेकाच्याचं! कारागीर आहे." मग त्यांनी त्याच्या हातात फॉर्म दिला. पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता, वस्तूंचं वर्णन, गैरवापर प्रथम लक्षात आल्याची तारीख, स्वीकारणाऱ्या कर्मचाऱ्याची सही. "पाचच्या आत माझ्या टेबलावर. घाई नाही, पण आजच."

साहेब गेल्यावर बचतवाल्या बाई खुर्ची सरकवत आल्या. आवाज एकदम खाली. "दादांचं ना हो?"

त्याने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"मला सकाळी नमस्कार करून गेले." बाईंनी फॉर्मकडे बघितलं. "हे बघा, पत्त्यांचे कागद पडताना, फोडताना फाटले. फाटतात. सुतळी तुटते तर कागद नाही फाटत? अज्ञात इसम लिहा आणि मोकळे व्हा. साहेबांना नाव कुठे माहितीये अजून, ते कुलूप उघडून बघण्यातच दंग."

"आणि पार्सलावरचा दुकानाचा शिक्का?"

"कुठाय शिक्का? मला तर बाई दिसत नाही." त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा उघडला नाही. फॉर्म घडी करून खिशात घातला आणि चालत दादाकडे निघाला. वीस मिनिटांचा रस्ता. त्याचं लक्ष दारांकडे जात होतं, दारांच्या मुठींकडे, बिजागऱ्यांकडे, एका बंद घराच्या अंगणातल्या नळाकडे. हे सगळं सुटं होतं, काढता येण्यासारखं होतं, आणि कशाच्यातरी पोटात जाण्यासारखं होतं. एका पानवाल्याच्या आरशात त्याने स्वतःला बघितलं तर तोंड अर्धवट उघडं. मिटलं. पुढच्या कोपऱ्यावर लक्षात आलं, पुन्हा उघडं. चालता चालता तो मनात दादाशी भांडत होता, आणि गंमत म्हणजे भांडणात तो जिंकत होता. तू मला फसवलंस दादा. माझ्या हातांना फसवलंस. मी तुझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकला. वाक्यं छान जमत होती. जरा जास्तच छान जमत होती, घोकून ठेवल्यासारखी. ती कधी घोकली होती ते मात्र त्याला आठवेना.

वहिनी रस्त्याकडच्या खोलीत खाली बसली होती. पांढऱ्या चादरीवर एक पितळी मूठ ठेवून मोबाइलने फोटो काढत होती. त्याला बघून तिने चादरीचं टोक मुठीवर ओढलं, मग स्वतःच हसली आणि परत सरकवलं. "या भाऊजी. जेवलात?"

"दादा कुठाय?"

दादा आतल्या खोलीतून आला, एक हात गुडघ्यावर. त्याने धाकट्या भावाच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "कुठलं फुटलं?"

एवढंच. काय झालं नाही, का आलास नाही. कुठलं फुटलं.

"कायद्याचं," तो म्हणाला.

"त्याची शिलाईच कच्ची होती. मला वाटलंच." दादा स्टुलावर बसला. "बस. उभा काय राहिलास वसुलीला आल्यासारखा."

"दादा, पुस्तकं कापलीस तू?"

"रद्दीतली. किलोवर आलेली. लगद्याला जाणार होती." दादाने त्याच्याकडे न बघता सांगितलं. "बांधायला शेवटचं पुस्तक कधी आलं माहितीये? तुझ्या मुलीचं बारसं झालं त्या साली. आता ती चौथीत आहे. मग जुनी पुस्तकं विकायला काढली मोबाइलवर, तुला माहीतच आहे. पहिले चार महिने खरी पुस्तकंच पाठवली. महिन्याला सात-आठ. मग ही म्हणाली, पाडलेल्या घरांचं पितळ लोक मागतात लांबून. मागतात. पण पितळ जड. पुऱ्या दराने पाठवलं तर नळापेक्षा टपाल महाग."

"म्हणून पुस्तकाचं पोट फाडायचं?"

"भाऊजी, आधी खूप रडले हो ते," वहिनी म्हणाली. "पहिलं पुस्तक कापलं त्या दिवशी जेवले नाहीत."

"तू गप गं. रडलो म्हणून काय कापलेलं शिवून आलं?"

त्याने खिशातून फॉर्म काढून दाबयंत्रावर ठेवला. दादाने चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला, छापण्याआधी शिशाचे खिळे तपासावेत तसा, अक्षर न् अक्षर. "लिही नाव. माझंच आहे, चोरायचं काय त्यात. दंड होईल तो होईल, मोबाइलवरचं दुकान बंद करतील, करू देत. तुझ्यावर नको यायला." मग त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. "ही तारीख काय घालणार?"

"आजची. आजच कळलं ना."

दादाने चष्मा काढला. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आज?" दादा म्हणाला.

"आजच. सकाळी. तू मला फसवलंस दादा. माझ्या हातांना—" वाक्य जमत होतं ते अडकलं.

"तुझ्या हातांना वजन कोणी शिकवलं?" दादा हळू आवाजात म्हणाला. "इथेच, या फळीवर. डोळे मिट, कागद उचल, सांग किती. तू सात वर्षांचा असताना पाव किलोला फसायचा नाहीस. आणि मी पितळ घेऊन तुलाच फसवायला येईन? मी वेडा आहे का रे? इथून पाच मिनिटांवर दुसरं पोस्ट आहे. तिथला माणूस टोच्या घालून बघतो. मी दुखरा गुडघा घेऊन वीस मिनिटं तुझ्याकडे चालत आलो. का आलो?"

"मी बघणार नाही म्हणून."

"कळलं तरी बघणार नाहीस म्हणून."

"मला नाही कळलं!"

"पितळाच्या पहिल्याच दिवशी कळलं तुला. पार्सल उचललंस आणि तुझा हात थांबला. मी समोर उभा होतो, मी बघितलं. तू विचारलंस, काय पुस्तकं आहेत. मी म्हटलं, शब्दकोश. तू हसलास. आणि शिक्का मारताना माझ्याकडे बघितलं नाहीस. त्या दिवसापासून आजपर्यंत, शिक्का मारताना एकदाही तू माझ्याकडे बघितलेलं नाहीस."

तो तिथेच खाली बसला, वहिनीच्या चादरीच्या कडेला. कारण ते त्याला दिसलं. आठवलं असं म्हणता येणार नाही, आठवायला आधी विसरावं लागतं. ते तिथेच होतं, दोन वर्षं, शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसासारखं. रांगेत दादा. इस्त्रीचा शर्ट. हातात नंबराचा कागद, सगळ्यांसारखा. ज्याने जन्मात त्याच्याकडे काही मागितलं नाही तो दादा काउंटरच्या त्या बाजूला, आणि तो या बाजूला, खुर्चीवर. पार्सल उचललं. चौरस होतं पण गप्प नव्हतं. मध्ये कुठेतरी एका जागी सगळा जीव गोळा झालेला. हाताने सांगितलं होतं, स्पष्ट, ओरडून. वजनकाट्यानेही सांगितलं, एवढ्या आकाराला दोन किलो नऊशे. आणि त्याला लाज वाटली होती. दादाची नाही, दादा तिथे उभा आहे याची. मोठ्या भावाचं पार्सल चार लोकांदेखत उघडून बघायचं? त्यापेक्षा शिक्का सोपा. दण्ण. मग दुसरा, तिसरा. मग दर मंगळवारी तो आपल्या हातांना आधीच कुठेतरी दूर पाठवून द्यायचा, पोरांना बाहेर खेळायला पिटाळावं तसं, आणि नुसत्या पंजांनी उचलायचा. पत्रक वाचताना सगळ्यात मोठ्याने कोण हसलं होतं? ती भांडणातली वाक्यं कधी घोकली होती? रोज. रोज शिक्के मारता मारता, हा दिवस येईल म्हणून. आपण किती तयारीत होतो, हे आता त्याला दिसलं.

"दादा," तो म्हणाला, आणि आवाज सहा वर्षांच्या पोराचा निघाला, "एकदा म्हण ना, की तू मला फसवलंस."

वहिनीने मोबाइल खाली ठेवला.

दादाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "म्हणतो. मी तुला फसवलं. तुला काही माहीत नव्हतं. तू साधाभोळा, मी लबाड." थांबून त्याने विचारलं, "बरं वाटलं?"

त्याने मान हलवली. नाही वाटलं.

"मग काय करणार मी तरी," दादा म्हणाला. "जेवून जा."

पाचला दहा कमी असताना तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला. फॉर्म भरलेला होता. दादाचं नाव, पत्ता, आणि नात्यासाठी रकाना नव्हता तर त्याने कडेला लिहिलं, सख्खा मोठा भाऊ. साहेबांनी ते वाचलं आणि खुर्चीत सरळ झाले. "अरे! बोलला नाहीस सकाळी. अवघड आहे बाबा. पण तरीही तू—" त्यांच्या नजरेत एकदम आदर आला, आणि तो आदर त्याला गालावर माशी बसावी तसा जाणवला. मग साहेबांचं बोट खाली सरकलं. "ही तारीख चुकलीये."

"नाही साहेब."

"अरे, दोन वर्षांपूर्वीची आहे. नीट बघ. गडबडीत झालं असेल."

"मंगळवार होता. तेव्हाच लक्षात आलं होतं."

साहेबांनी फॉर्म टेबलावर ठेवला. दाराबाहेर बचतवाल्या बाईंच्या खुर्चीची करकर थांबली. "तुला कळतंय का हे काय आहे? आजची तारीख घातली तर तू पकडणारा. ही घातली तर तू सामील. दोन वर्षं सामील. चौकशी लागेल. खुर्ची जाईल, अकरा वर्षांची नोकरी आहे तुझी. बायकोपोरं आहेत." त्यांचा आवाज चिडका झाला होता, घाबरलेल्या माणसाचा होतो तसा. "कोणी विचारलंय तुला? कोणाकडे काय पुरावा आहे?"

"माझ्याकडे आहे," तो म्हणाला. ते ऐकून त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

साहेबांनी फॉर्म उचलला, मधोमध फाडला, आणखी एकदा फाडला आणि टोपलीत टाकला. कपाटातून कोरा फॉर्म काढून त्याच्यापुढे सरकवला, वर स्वतःचं पेन ठेवलं. "मी काही वाचलेलं नाही. मी खिडकीकडे बघतो. तू नीट विचार करून पुन्हा भर." आणि ते खरंच उठले, पाठ करून खिडकीपाशी उभे राहिले, दोन्ही हात मागे बांधून.

त्या पाठीकडे बघता बघता त्याला कळलं की हा माणूसही शिक्का मारतोय, आपल्याकडे न बघता. चांगल्या मनाने. आपणही चांगल्याच मनाने मारत होतो. त्याने पेन उघडलं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, वस्तू लिहिल्या. तारखेच्या रकान्याशी आल्यावर त्याने मान वर केली आणि म्हणाला, "साहेब, इकडे बघा." साहेब वळले नाहीत. "साहेब, मी लिहितोय. बघा ना." बऱ्याच वेळाने साहेब वळले. त्यांचे डोळे त्याच्या हातावर आल्यावरच त्याने तोच दिवस, तोच महिना, तेच साल पुन्हा लिहिलं. पहिल्यांदा लिहिताना अक्षर गिचमिड आलं होतं. या वेळी चांगलं आलं.